काप गेले, भोकं राहिली

मे महिन्यात चुलतभावाचा फोन आला. म्हणाला, ताई, पाऊस पडला की आपल्या माळावर झाडं लावायचीत, पाच हजार, पुण्याची एक कंपनी पैसे देतीये, मोठी माणसं येणारेत, आणि तू बॉटनीवाली म्हणून दोन शब्द तू बोलायचेस. मी हो म्हणून टाकलं. घरच्या माणसाला नाही म्हणायला जे तोंड लागतं ते माझ्याकडे नाही. मग त्याने व्हॉट्सॅपवर बॅनरचा फोटो पाठवला, त्यावर मोठ्या हिरव्या अक्षरात, 'चला, हरवलेलं जंगल परत आणूया!' आणि तिथे माझी झोप उडाली.

कारण ते जंगल हरवलंय की मुळात नव्हतंच, हे शोधायला मी आयुष्यातलं एक अख्खं वर्ष घातलंय, आणि हाती काय लागलं ते सांगायला गेलं तर समारंभाची मजा जाईल.

आमचं गाव शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या अंगाला. नदीकडची जमीन काळी, तिथे आता ऊसच ऊस. गावामागचा चढ चढून गेलं की माळ सुरू होतो. पाऊस वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर, तोही त्याच्या मनात आला तर. माळावर कुसळी, पवन्या, मारवेल, मधूनच एखादं हिवर, बोर, खैर, आणि सुगी झाली की धनगरांची मेंढरं. उन्हाळ्यात हे सगळं इतकं पिवळं नि उजाड दिसतं की परक्या माणसाला वाटावं इथे काहीतरी वाईट घडून गेलंय. कागदोपत्री पण असल्या जमिनीला पडीक म्हणायची सवय. आमचे तात्या, म्हणजे माझे चुलते, वय ऐंशीच्या पुढे, ते तर ठामपणे सांगतात, "आगं, पयलं हितं असं रान व्हतं का दिवसा उजेड पडत नव्हता." कधी तात्या? "लई पयलं." तुम्ही बघितलंय? "म्या न्हाय. माझ्या आज्यानं." त्यांच्या आज्याला विचारलं असतं तर त्यानेही त्याच्या आज्याकडेच बोट दाखवलं असतं याची मला खात्री आहे.

२००३ साली मी पुण्यात एम.एस्सी. करत होते, आणि डिझर्टेशनला जुन्या मातीतले परागकण, म्हणजे त्यांच्यावरून तिथे पूर्वी काय उगवत होतं ते ओळखायचं, हा विषय घेतला तो बराचसा तात्यांच्या या आज्यामुळेच. आता मी इन्शुरन्सचे क्लेम तपासते. लोक विचारतात, बॉटनी करून इथे कशी? मला तर दोन्ही कामं एकच वाटतात. माणूस म्हणतो माझं अमुक होतं, ते जळालं, आणि आपण राख चिवडत बसायचं.

परागकणांची गंमत अशी, की फुलातला तो पिवळा भुगा आपल्याला इतका नाजूक वाटतो, फुंकर मारली की गेला, पण त्याचं वरचं टरफल निसर्गातल्या सगळ्यात चिवट पदार्थांपैकी एक आहे, स्पोरोपोलेनिन नावाचा. किती चिवट? मातीतून परागकण काढायची कृती ऐका म्हणजे कळेल. आधी माती हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये, त्याने चुना जातो. मग कॉस्टिक पोटॅशमध्ये उकळायची, त्याने कुजलेल्या पाल्याचं काळं पाणी निघून जातं. मग हायड्रोफ्लुओरिक ॲसिड, ते वाळू खातं, आणि वाळू खातं म्हणजे काच पण खातं, म्हणून भांडी सगळी प्लास्टिकची. हे ॲसिड हातावर पडलं तर कधीकधी लगेच कळतही नाही, गुपचूप आत शिरतं आणि शरीरातल्या कॅल्शियमला जाऊन धरतं, त्यामुळे त्या कपाटाजवळ उभं राहताना मी दरवेळी मनातल्या मनात रामरक्षा म्हणायचे, खोटं कशाला सांगू. आणि शेवटी नऊ भाग ॲसिटिक ॲनहायड्राइड नि एक भाग सल्फ्युरिक ॲसिड. एवढं सगळं सोसून तळाशी जो चिमूटभर गाळ उरतो तो परागकणांचा. दगड विरघळतो, परागकण विरघळत नाही.

आतला जीव अर्थातच कधीचाच गेलेला असतो. उरतं ते टरफल, आणि त्या टरफलावरची भोकं नि चिरा, आणि ओळख पटवायची ती त्या भोकांवरून. आजी म्हणायची ना, काप गेले नि भोकं राहिली? मायक्रोस्कोपखाली पहिल्यांदा गवताचा परागकण बघितला, गोल गरगरीत, गुळगुळीत, आणि एकच भोक, त्याच्याभोवती छोटीशी कडी, तेव्हा मला एकदम आजीच्या कानाची पाळी आठवली.

प्रत्येक कुळाची तऱ्हा वेगळी. राजगिरा नि चाकवताच्या कुळातले कण गोल्फच्या चेंडूसारखे, अंगभर खळगे. सूर्यफुलाच्या कुळातले काटेरी. बाभळीचे कण एकेकटे सुटतच नाहीत, सोळा-सोळाचा गठ्ठा करून राहतात, एकत्र कुटुंब. पाइनच्या कणाला दोन बाजूंना दोन हवेचे फुगे, त्यामुळे तो शेकडो किलोमीटर उडत जातो आणि जिथे पाइनचं झाड कुणी सात जन्मात बघितलं नाही तिथल्या चिखलात जाऊन बसतो. गवतात मात्र पंचाईत आहे. सगळ्या गवतांचे कण जवळजवळ सारखेच, बांबूपासून कुसळीपर्यंत. धान्यांचे जरा मोठे, मक्याचा तर चांगलाच मोठा. मका अमेरिकेतून आलेला, त्यामुळे आपल्याकडच्या थरात तो दिसला की समजायचं, हा थर कोलंबसच्या नंतरचा.

हे मोजून त्याचा आलेख करायची कल्पना लेनार्ट फॉन पोस्ट या स्वीडिश भूवैज्ञानिकाची. १९१६ साली त्याने तेव्हाच्या क्रिस्टियानियात, म्हणजे आजच्या ऑस्लोत, एक व्याख्यान दिलं आणि दलदलीतल्या थरांमध्ये कुठलं झाड किती टक्के ते खालपासून वरपर्यंत मांडून दाखवलं. खालचा थर जुना, वरचा नवा, आणि मधे एक झाड कमी होत जातं, दुसरं वाढत जातं. म्हणजे जंगलाची हजारो वर्षांची कुंडलीच. आपल्याकडे हे शास्त्र रुजवण्यात बिरबल साहनींचा मोठा वाटा. लखनौच्या त्यांच्या संस्थेची कोनशिला ३ एप्रिल १९४९ला नेहरूंच्या हस्ते बसली, कोनशिलेतसुद्धा जीवाश्म जडवलेले, आणि आठवड्याभरात, १० एप्रिलला, साहनी गेले.

तर मी. घोडच्या काठावरच्या कापातून, म्हणजे नदीने कापलेल्या उभ्या दरडीतून, आठ नमुने आणले. पिशव्या एस.टी.ने आणल्या, कंडक्टरने विचारलं काय आहे, म्हटलं माती, तर त्याने अर्धं तिकीट लावलं. कृती सगळी केली. नमुन्यात एका विशिष्ट रानटी वनस्पतीच्या बीजाणूंची मोजून एक गोळी टाकतात, पंगतीत आपणच मोजून पाहुणे बसवावेत तशी, म्हणजे त्यांच्या प्रमाणात बाकीचे किती ते काढता येतं. एका नमुन्यात निदान ३०० कण मोजायचे असा दंडक. हातात ते टकटक करणारं मोजणीयंत्र घेऊन बसले.

पाहुणे दिसले. घरचं कुणीच नाही.

आठच्या आठ नमुन्यांत तीच गत. कोळशाचे बारीक तुकडे, बुरशीचे बीजाणू, आणि एक परागकण सापडला म्हणून नाचत गाइडकडे गेले तर तो निघाला गाजरगवताचा. गाजरगवत अमेरिकेहून आलेलं, पुण्यात ते पहिल्यांदा लक्षात आलं १९५५च्या सुमाराला. माझा नमुना दोन मीटर खोलीचा. म्हणजे तो कण लॅबच्या खिडकीतून आत आलेला. गाइड म्हणाले, बॅरन लिही. वांझ. या शास्त्रात परागकण न मिळालेल्या नमुन्याला असंच म्हणतात, आणि मला तो शब्द तेव्हाही आवडला नव्हता. त्या मातीत आजूबाजूला एकरी किती टन ऊस निघतो ते बघा आणि मग तिला वांझ म्हणा.

कारण नंतर कळलं, म्हणजे पुस्तकात आधीच होतं पण मी नीट वाचलं नव्हतं. परागकण ॲसिडला भीत नाही पण हवेला भितो. सतत पाण्याखाली, जिथे ऑक्सिजन पोचत नाही अशा चिखलात तो लाखो वर्षं टिकतो. पण माती एकदा ओली, एकदा कोरडी, असं आलटून पालटून होत राहिलं, त्यात ती चुनखडीची असली, तर जीवाणू नि हवा मिळून त्याचा फडशा पाडतात. आणि आपली काळी तर वर्षातून एकदा भेगाळतेच. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, वरचं सगळं आत पडतं, पावसाळ्यात माती फुगते, आतलं वर येतं. काळी माती स्वतःच स्वतःला नांगरते. शेतकऱ्याला याचं कौतुक, परागकण मोजणाऱ्याला रडू. अशा मातीकडे थरवार हिशेब मागणं म्हणजे किराणा दुकानदाराच्या गल्ल्यात मागच्या दिवाळीची नोट शोधणं.

म्हणून तर महाराष्ट्राचा असला इतिहास वाचायला फार थोड्या जागा आहेत. आपल्याकडे नैसर्गिक तळी जवळजवळ नाहीतच. भंडारा-गोंदियाकडचे ते सुंदर मालगुजारी तलाव माणसांनी बांधलेले, बाकी धरणं. अपवाद लोणार. उल्का पडून झालेला खड्डा, व्यास १.८ किलोमीटरच्या आसपास, पाणी सोड्यासारखं खारट-बुळबुळीत, बाहेर जायला वाट नाही, त्यामुळे जे आत पडलं ते तळाशी निवांत बसलं. भारतीय आणि जर्मन शास्त्रज्ञांनी मिळून त्या तळातून दहाएक मीटरचा गाळ नळीत काढला, त्यात साधारण ११,००० वर्षं निघाली. म्हणजे एक सेंटिमीटरला अकराएक वर्षं. करंगळीच्या नखाएवढ्या चिखलात एक अख्खी शाळा-कॉलेजची कारकीर्द.

त्यांनी २०१४ साली जे छापलं त्यात दोन लांबलचक कोरडे काळ आहेत. एक ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा २००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. कळलं कसं, तर त्या थरांत गेलुसाइट नावाचे स्फटिक सापडले, तळं आटून पाणी दाट झालं की हे बनतात, पाक जास्त झाला की साखर खाली बसते तसं. आता हा दुसरा काळ बघा, सातवाहनांच्या ऐन दिवसांपासून ते यादव संपेपर्यंतचा. लोणारच्या काठावरची नि खड्ड्यातली ती सगळी देवळं, दैत्यसूदनासकट, याच 'दुष्काळात' उभी राहिली. म्हणजे दुष्काळ हा शब्द या लोकांच्या तोंडी आला की आपण लगेच १९७२ डोळ्यांसमोर आणायचं नाही. चौदाशे वर्षं पाऊस नव्हता असं नसतं ते, एकंदर झुकतं माप कोरड्याकडे, एवढंच.

आणि 'वर्षांपूर्वी' म्हणजे कधीपासून मोजायचं, त्याचीही मजा आहे. या शास्त्रात 'आज' म्हणजे १९५०. रेडिओकार्बनच्या हिशेबासाठी ते ठरवून टाकलंय, पुढच्या अणुचाचण्यांनी हवेतला कार्बन बिघडवला म्हणून ते सोयीचंही पडलं. माझ्या बाबांचा जन्म १९५१चा. म्हणजे बाबा या हिशेबात अजून व्हायचेत. हे मी त्यांना सांगितलं तर म्हणाले, मग पेन्शन कोण घेतंय?

लोणार आमच्या माळापासून अडीचशे किलोमीटर. दुसरी जागा समुद्र. नद्या घाटातले परागकण वाहून नेतात नि समुद्रतळाच्या चिखलात टाकतात. गोव्याच्या खाली कारवारसमोरच्या समुद्रातून काढलेल्या गाळाच्या नळ्यांमध्ये दिसतं की सुमारे ३५०० वर्षांपूर्वी हवा कोरडी होत गेली, खारफुटी आणि सदाहरित रानाचे कण कमी झाले, गवताळ मोकळ्या रानाचे वाढले. हा अभ्यास १९९४चा. असल्या कामात पाँडिचेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटचं मोठं नाव, आणि तिथे गणपती थनिकैमोनी नावाचे परागशास्त्रज्ञ होते, खारफुटीच्या परागकणांवर त्यांनी फार सुंदर काम केलं. ५ सप्टेंबर १९८६ला कराचीत अपहरण झालेल्या पॅन ॲमच्या विमानात ते होते. नीरजा भनोत ज्या विमानात गेली तेच. त्यांचं वय ४८. आम्हाला लॅबमध्ये त्यांच्या नावाची फक्त संदर्भयादीत ओळख होती, त्या विमानाचं मला कितीतरी वर्षांनी कळलं.

बरं, गवत वाढलं असं परागकण म्हणतात म्हणून लगेच मानायचं का? इथे माझ्यातली क्लेम तपासणारी बाई जागी होते. गवत वाऱ्यावर पराग उधळतं, ढिगाने. सागाचं परागण किडे करतात, त्यामुळे त्याला उधळपट्टीची गरजच नाही. बाभूळ-खैराचे ते सोळाचे गठ्ठे जड, झाडाखालीच पडतात. म्हणजे सागाच्या रानात बसून चिखल तपासला तरी साग कमी नि गवत जास्त दिसणार. ग्रामसभेत जो मोठ्याने बोलतो त्याचंच नाव इतिवृत्तात येतं, बाकी अर्धं गाव हजर असूनही गैरहजर. म्हणून आधी आजच्या रानातला वरचा चिखल तपासायचा, कुठलं झाड किती असताना किती कण पडतात त्याचा अंदाज घ्यायचा, आणि मगच खाली उतरायचं.

हे न केलं किंवा कालगणना चुकली तर काय होतं त्याचा एक किस्सा फार प्रसिद्ध आहे. गुरदीप सिंग यांनी १९७०च्या दशकात राजस्थानातल्या सांभर, डीडवाना, लुणकरणसर या खाऱ्या तळ्यांचे परागकण मोजले. काम जबरदस्त, आजही त्याला पर्याय नाही. त्यावरून त्यांनी मांडलं की हडप्पा संस्कृती बहरली ती भरपूर पावसाच्या काळात आणि पाऊस हटला तशी ती ढासळली. किती सुटसुटीत! पाठ्यपुस्तकांना आवडेल अशी गोष्ट. मग १९९९ साली लुणकरणसरचा गाळ नव्याने तपासला गेला, नीट तारखा लावल्या गेल्या, आणि निघालं असं की तळं आटलं ते आधीच, आणि त्यानंतर हजारएक वर्षांनी, कोरड्याच हवेत, हडप्पा भरभराटीला आली. माणसं हवेच्या तालावर नाचतात हे आपल्याला फार पटतं, कारण मग माणसांचा विचार करायला नको. मला वाटतं आमच्या इनामगावबद्दलही थोडं असंच झालंय. इनामगाव म्हणजे आमच्याच तालुक्यातलं, घोडच्याच काठचं. डेक्कन कॉलेजने तिथे १९६८पासून पुढे बाराएक हंगाम खणलं. आधी चौकोनी, ऐसपैस घरं, जवाची शेती, पाण्याचा पाट, आणि इसवी सनपूर्व १०००च्या सुमारास त्याच गावात लहान लहान गोल झोपड्या. मधुकर ढवळीकरांनी त्याचं कारण दिलं कोरडी हवा. असेलही. पण झोपडी गोल होण्याला एकच कारण असावं असं मला वाटत नाही. तिथल्या पांढरीत परागकण टिकलेले नाहीत, जळालेलं धान्य टिकलं, म्हणजे जे चुलीत करपलं तेवढंच साक्षीला आलं.

मग परागकण नाही तर कोण? माती स्वतः. हे मला डिझर्टेशन संपल्यावर कळलं, नेहमीप्रमाणे उशिरा.

मी नववीत असताना आमची विहीर खोल केली. यारी लावलेली, बादली वर आली की आम्ही पोरं काय निघालं बघायला धावायचो. काळी संपली, मग पिवळट माती, तिच्यात पांढरे चुनखडीचे खडे, मग मुरूम, मग काळा कातळ, सुरुंग, पुन्हा कातळ, आणि मग एकदम लालभडक गेरूचा पट्टा. बादलीभर गेरू आईने तुळशीवृंदावनाला ठेवून घेतला. त्या गेरूखाली पुन्हा काळा कातळ. मला तेव्हा ते चमत्कारिक वाटलं होतं, दगडाखाली माती? सह्याद्रीतल्या कुठल्याही घाटात एस.टी.च्या खिडकीतून बघा, काळ्या कड्यांच्या मधून अशा तांबड्या रेघा गेलेल्या दिसतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे लोट येत होते, एक लोट थंड झाला, मधे बराच काळ गेला, वरचा खडक किंवा त्यावर पडलेली राख ऊन-पावसाने कुजून तांबडी झाली, आणि मग पुढचा लोट त्यावर येऊन बसला. म्हणजे ती रेघ म्हणजे दोन संकटांमधली जमीन. गाडलेली माती. आम्ही तुळशीला लावला तो गेरू डायनॉसोर संपले त्या सुमाराचा.

एवढं मागे जायचं कारण नाही. महत्त्वाचे ते चुनखडीचे खडे. जिथे पाऊस भरपूर, तिथे मातीतला चुना धुऊन जातो, उरतं लोखंड, आणि होतो जांभा, कोकणातला, पाचगणीच्या टेबललँडवरचा. जिथे पाऊस बेताचा, तिथे पाणी थोडं खाली उतरतं, उन्हाने पुन्हा उडून जातं, आणि चुना अर्ध्या वाटेवर खड्यांच्या रूपात बसतो. म्हणून गाडलेल्या जमिनीत असा खड्यांचा थर दिसला की समजायचं, तेव्हाही आभाळाकडे डोळे लावूनच बसलेली माणसं, किंवा माणसं नसतील तर हरणं. राजस्थानात डीडवान्याजवळ १६ आर नावाची वाळूची टेकडी आहे, पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी तिथे १८ मीटरहून खोल खणलं, आणि वाळूच्या पोटात एकाखाली एक अशा कितीतरी जुन्या जमिनी नि चुनखडीचे थर सापडले, मधे अश्मयुगीन हत्यारं. वाळू म्हणजे वारा, जमीन म्हणजे जरा दमसास. वाळवंट पण श्वास घेत होतं तर.

आणि या खड्यांच्या पोटात अजून एक गोष्ट असते. झाडांची कार्बन घ्यायची रीत दोन प्रकारची. बहुतेक झाडं-झुडपं, भात, गहू एका रीतीचे. आपल्याकडची उन्हाळी गवतं, ज्वारी, बाजरी, ऊस दुसऱ्या. जड आणि हलक्या कार्बनचं प्रमाण काढायची एक मोजपट्टी आहे, तिच्यावर पहिल्या रीतीची झाडं साधारण उणे २७ला बसतात, दुसरी उणे १३ला. हा फरक कुजून मातीत उतरतो, मातीतल्या हवेतून चुन्यात उतरतो, आणि तिथे राहतो. इथे उडण्याचा, किड्यांचा, मोठ्याने बोलण्याचा प्रश्नच येत नाही. जे जागेवर उगवलं नि जागेवर कुजलं, त्याचाच हिशेब. मला हे वाचून इतका आनंद झाला होता! पाकिस्तानातल्या पोटवार पठारावर शिवालिकच्या गाडलेल्या जमिनी एकावर एक रचलेल्या आहेत, तिथले खडे तपासून १९८९ साली दाखवलं गेलं की सुमारे ७० लाख वर्षांपूर्वी तिथे झाडांचं राज्य जाऊन गवताचं आलं. ७० लाख! तेव्हा कुऱ्हाड सोडा, ती धरणारा हातसुद्धा नव्हता. निलगिरीत तर आमच्यासारखाच वाद, की शोला, म्हणजे तिथल्या दऱ्यांमधल्या सदाहरित रानांच्या मधले ते गवताचे डोंगर माणसाने झाडं तोडून केले का. १९९३ साली रामन सुकुमार आणि सहकाऱ्यांनी तिथल्या दलदलीतल्या कुजलेल्या थराचा कार्बन मोजला. गेल्या हिमयुगाच्या ऐन थंडीत, १८,००० वर्षांच्या आसपास, तिथे गवतच गवत. मग पाऊस वाढला तशी झाडं पुढे सरकली, पुन्हा मागे आली. गवत आधीपासूनच घरचं, आगंतुक नव्हे.

म्हणजे माळ उजाड झालेला नसतो. तो माळच असतो. माळढोक, लांडगा, खोकड, धाविक, ही मंडळी काय तुटलेल्या जंगलात नाइलाजाने राहायला आली का? त्यांची पावलं, त्यांचे रंग सगळे गवताला बेतलेले आहेत. अलीकडे काही अभ्यासकांनी जुन्या मराठी ग्रंथांतून, ओव्यांतून झाडा-गवतांचे उल्लेख गोळा केले, तर पाच-सातशे वर्षांपूर्वीचं वर्णनही मोकळ्या गवताळ, काटेरी झाडांच्या मुलखाचंच. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात, आपल्याला पायाखालची कुसळी दिसली नाही.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात गेले गावाला. मांडव, खुर्च्या, स्पीकर, शाळेची पोरं, ग्लिरिसिडिया नि सुबाभळीची रोपं काळ्या पिशव्यांत रांगेने. जेसीबीने खड्डे आधीच काढून ठेवलेले. मी भाषणाचा कागद केला होता, दोनदा लिहून दोनदा फाडला होता. माझी पाळी येईपर्यंत वेळ होता म्हणून एका खड्ड्यात डोकावले. वीतभर काळपट माती, मग करडी, आणि हात घातला तर कोपरापर्यंत जाईल इतक्या खोलीवर पांढऱ्या खड्यांचा सलग पट्टा, मुळं त्या पट्ट्यापाशी येऊन आडवी वळलेली. दुसऱ्या खड्ड्यात तेच. तिसऱ्यातही. कुणीतरी पाच हजार वेळा तेच वाक्य लिहून ठेवल्यासारखं.

तात्या काठी टेकत शेजारी आले. म्हटलं, तात्या, तुमच्या आज्याचं रान. ते म्हणाले, "काय बगतीस त्या खड्यात? चुनखड हाय ती. हितं झाड धरत न्हाय, म्हाईत हाय सगळ्यास्नी. वड्याला धरतं." मग कालपर्यंत दिवसा उजेड पडत नव्हता ते? "आता तसं म्हणत्यात," म्हणाले, आणि दुसरीकडे बघायला लागले.

बॅनर मांडवावर फडफडत होता. त्याच्याकडे बघताना मला एकदम जाणवलं की त्यावर लिहिलंय ते तसं बरोबरच आहे. जंगल हा शब्द संस्कृत जांगलवरून आला, आणि आयुर्वेदात जांगल देश म्हणजे घनदाट झाडी नव्हे, उलट, मोकळं आभाळ, थोडं पाणी, खैर-शमी-बोरीची विरळ झाडं, हरणं आणि कोरडी निरोगी हवा. दलदलीच्या, दाट झाडीच्या मुलखाला आनूप म्हणायचे. कधीतरी मधल्या काळात शब्दाने घर बदललं. आम्ही जंगलात उभे राहून जंगल परत आणायला निघालो होतो.

भाषणात यातलं किती बोलले? फार नाही. झाडं ओढ्याच्या काठाने लावूया, तिथे चांगली येतील, माळावर मेंढरांना गवत राहू द्या, एवढं म्हटलं. पाहुण्यांनी मान हलवली, भावाने डोळे वटारले. निम्मी रोपं तरीही माळावर लागलीच, फोटो तिथे चांगला येतो. मग मी पोरांना गोळा केलं नि एका खड्ड्यापाशी नेलं. पाहुण्यांच्या सरबतासाठी आणलेल्या टोपलीतून एक लिंबू घेतलं, एक खडा दगडाने फोडून त्यावर पिळलं. बारीक फेस आला, सुरसुर आवाज. एक पोरगी म्हणाली, बाई, हा दगड श्वास घेतोय. तात्या वाकून बघत होते, म्हणाले, "सोडा हाय काय त्यात?" म्हटलं, वारा आहे तात्या, जुना. कुठल्यातरी गवताने घेतलेला.

मग प्रत्येकाला आपापला खडा फोडून बघायचा होता. पाच मिनिटांत टोपली रिकामी झाली, आणि पाहुण्यांना साखरपाणीच द्यावं लागलं.